तिहेरी कुलपाच्या देशात नऊ दिवस

मंगळवार, ९ सप्टेंबर २०२५ : ठाणे

अनंत चतुर्दशी होऊन तीन दिवस झाले होते आणि पितृपक्ष लागला होता. "पक्षात कसला परदेशप्रवास?" असे नौपाड्यातल्या आमच्या इमारतीत दोघी-तिघींनी विचारलेही, पण डब्लिनला असलेल्या लेकीची रजा याच दिवसांत बसत होती आणि ऐरोलीला राहणाऱ्या माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा, व्हिसाही नुकताच हाती आला होता. रात्री आनंदनगर नाका ओलांडून विमानतळाकडे निघालो, तेव्हा आमच्या सामानात भाजणी आणि गोडा मसाला होता, आणि दादाच्या खिशात भेट देण्याच्या ठिकाणांची स्वतः लिहिलेली यादी होती.

मी ठाण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तीस वर्षे राज्यशास्त्र शिकवले. संयुक्त राष्ट्रांच्या प्रकरणात शांतिसेनेच्या वाट्याला जेमतेम दीड पान येई. दादा लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झाला. १९९९-२००० या काळात तो दक्षिण लेबनॉनमध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या 'युनिफिल' दलातल्या भारतीय बटालियनबरोबर होता. त्या दिवसांतले दोन शब्द आजही त्याच्या बोलण्यात येतात : आमची ती 'इंडबॅट' आणि तिबनीनला तळ असलेली ती 'आयरिशबॅट'. "आपली फौज केवढी आणि त्यांची केवढी," तो सांगतो, "पण आम्ही पोचलो तेव्हा ते लोक तिथे वीस वर्षं बसलेले होते."

आयर्लंडची लोकसंख्या २०२२ च्या जनगणनेनुसार सुमारे साडेएक्कावन्न लाख आहे. पालघर वेगळा झाल्यानंतर उरलेल्या ठाणे जिल्ह्यात २०११ मध्येच ऐंशी लाखांच्या आसपास माणसे राहत होती. कोणत्याही लष्करी गटात न शिरलेला, आपल्या एका जिल्ह्याहून लहान असा हा देश स्वतःचे रक्षण कशाच्या बळावर करतो, आणि १९५८ पासून एकही वर्ष न चुकवता आपली मुले परक्यांच्या भांडणात उभी का करतो, हा प्रश्न मनात घेऊन मी निघाले होते.

बुधवार, १० सप्टेंबर : डब्लिन

आखातात विमान बदलून दुपारी पोचलो. लेक आणि जावई घ्यायला आले होते. बाकीचा दिवस झोपेत गेला.

गुरुवार, ११ सप्टेंबर : मेरियन चौक आणि संसदेचे फाटक

दादाच्या यादीत पहिले नाव मेरियन चौकातल्या स्मारकाचे होते. सेवेत असताना मृत्यू पावलेल्या आयरिश सैनिकांसाठी २००८ मध्ये ते उभारले गेले. बागेच्या कडेला एक पिरॅमिड आहे, आत अखंड ज्योत आहे आणि तिच्याभोवती ब्राँझचे चार सैनिक पहारा देत उभे आहेत : भूदल, हवाई दल, नौदल आणि राखीव दल यांचा प्रत्येकी एक. शिल्पकार ब्रायन किंग यांनी त्यांच्या माना खाली झुकवलेल्या ठेवल्या आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या कामगिऱ्यांवर आजवर ऐंशीहून अधिक आयरिश सैनिक मरण पावले आणि त्यांतले निम्म्याहून अधिक एकट्या लेबनॉनमध्ये गेले. त्या यादीत शेवटी आलेल्या शॉन रूनी या जवानाचे नाव दादाला ठाऊक होते. १४ डिसेंबर २०२२ च्या रात्री बैरूतकडे जाणाऱ्या त्यांच्या गाडीवर अल-अकबिया गावात गोळीबार झाला आणि त्यात तो गेला. योगायोग असा, की आयर्लंड संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला तोही १४ डिसेंबरलाच, १९५५ मध्ये.

चौकाच्या एका अंगाला लेन्स्टर हाऊस, म्हणजे संसद आहे. तिथे फाटकापाशी उभे राहून जावयांनी 'तिहेरी कुलूप' समजावून सांगितले, आणि मी तीस वर्षे शिकवूनही हा विषय मला किती अपुरा माहीत होता ते कळले. बारापेक्षा अधिक आयरिश सैनिक परदेशी कामगिरीवर पाठवायचे असतील, तर तीन संमती लागतात : संयुक्त राष्ट्रांचा आदेश, मंत्रिमंडळाचा निर्णय आणि डॉल या कनिष्ठ सभागृहाचा ठराव. तिन्ही किल्ल्या फिरल्याशिवाय बटालियन हलत नाही. २००१ मध्ये युरोपीय संघाचा नीसचा करार जनमतात फेटाळला गेला, कारण हा करार आपल्याला युरोपच्या लष्करी रचनेत ओढून नेईल अशी धास्ती अनेक मतदारांना वाटत होती. पुढच्या वर्षी सरकारने सेव्हिल येथे जाहीरनामा काढून या कुलपाची हमी दिली आणि मग दुसऱ्या जनमतात करार संमत झाला. तेव्हा हे कुलूप म्हणजे सरकारने मतदारांना दिलेला शब्द आहे, असे म्हणणे मला योग्य वाटते.

आता सरकारला ते बदलायचे आहे. मार्च २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने संमत केलेल्या मसुद्यात संयुक्त राष्ट्रांच्या आदेशाची अट काढावी आणि बाराची मर्यादा पन्नासवर न्यावी, अशी तरतूद आहे. जावयांना ते पटते. "सुरक्षा परिषदेत पाच देशांना नकाराधिकार आहे, आई. आमचे सैनिक कुठे जाणार हे मॉस्को किंवा बीजिंगने का ठरवायचं?" असा त्यांचा मुद्दा होता, आणि तो बिनबुडाचा नाही. १९९९ मध्ये चीनने नकाराधिकार वापरून मॅसिडोनियातले संयुक्त राष्ट्रांचे दल बंद पाडले. त्यानंतर २००३ मध्ये युरोपीय संघाने तिथे स्वतःचे पथक पाठवले, तेव्हा आयर्लंडला याच कुलपामुळे बाहेर राहावे लागले.

तरीही मी त्यांच्याशी सहमत होऊ शकले नाही. आयर्लंडच्या २००६ च्या कायद्यात सुरक्षा परिषदेबरोबर आमसभेच्या ठरावालाही जागा आहे, आणि आमसभेत नकाराधिकार कोणालाच नाही. १९५६ मध्ये सुएझच्या प्रश्नावर ब्रिटन आणि फ्रान्सने परिषद अडवली, तेव्हा आमसभेनेच पहिली शांतिसेना उभी केली. भारताचे जवान त्या सेनेत दहा वर्षे होते आणि आपले जनरल पी. एस. ग्यानी तिचे प्रमुखही झाले. संयुक्त राष्ट्रांची किल्ली गंजली असेल, तर तिला तेल घालावे. ती समुद्रात फेकून देण्याची घाई लहान देशाने तरी करू नये. मोठ्या देशांच्या दबावाला "आमचा कायदा आड येतो" हे उत्तर देण्याची सोय लहान देशाला फार मोलाची असते.

वाटेत मला आपल्या राज्यघटनेचे कलम ५१ आठवले. राज्याच्या धोरणाची मार्गदर्शक तत्त्वे आपण आयरिश राज्यघटनेवरून घेतली, हे बारावीचा विद्यार्थीही सांगतो. पण आयरिश घटनेचे कलम २९, ज्यात आंतरराष्ट्रीय तंटे शांततेने आणि लवादाने सोडवण्याची निष्ठा नोंदवली आहे, ते आपल्या कलम ५१ च्या किती जवळचे आहे, हे मी वर्गात एकदाही सांगितले नव्हते.

शुक्रवार, १२ सप्टेंबर : कॉलिन्स बराक्स आणि ग्लासनेव्हिन

लुआस या ट्रामच्या लाल मार्गाने कॉलिन्स बराक्सला गेलो. अठराव्या शतकारंभीची ही छावणी आता राष्ट्रीय संग्रहालयाचा भाग आहे. लष्करी इतिहासाच्या दालनात दादाने आम्हाला थेट कांगोपाशी नेले.

३० जून १९६० रोजी बेल्जियमकडून स्वातंत्र्य मिळाल्यावर काही दिवसांतच कांगोच्या सैन्यात बंड झाले आणि खाणींनी श्रीमंत असलेला कटांगा प्रांत ११ जुलैला फुटून निघाला. त्या महिन्याअखेरीस आयर्लंडची ३२ वी बटालियन तिकडे निघाली. त्याआधी या सैन्याने परदेशात एकही तुकडी पाठवलेली नव्हती. १९५८ मध्ये लेबनॉनला गेलेले पन्नास अधिकारी केवळ निरीक्षक होते. विषुववृत्ताच्या प्रदेशात हे जवान जाड लोकरीचे गणवेश घालून उतरले आणि त्यांना नेणारी विमाने अमेरिकी हवाई दलाची होती. पुढच्या चार वर्षांत सुमारे सहा हजार आयरिश सैनिक तिथे जाऊन आले आणि सव्वीस परतले नाहीत.

त्यांतले नऊ जण एकाच घटनेत गेले. ८ नोव्हेंबर १९६० रोजी नीम्बा गावाजवळ, तोडलेला पूल आणि रस्ता खुला करण्यासाठी लेफ्टनंट केव्हिन ग्लीसन अकरा जणांची गस्त घेऊन गेले असताना बालुबा टोळीवाल्यांनी त्यांना घेरले. हे गोरे सैनिक म्हणजे कटांगाचे भाडोत्री लढवय्ये, असा गैरसमज हल्लेखोरांचा झाला असावा असे मानतात. दोघेच वाचले. आठ शवपेट्या डब्लिनला आल्या, तेव्हा सारे शहर रस्त्यावर उतरले होते. नववा, ट्रूपर अँथनी ब्राऊन, याचा देह दोन वर्षांनी सापडला.

दुपारी ग्लासनेव्हिनच्या दफनभूमीत त्यांच्या कबरींपाशी गेलो. रस्त्याकडेच्या दुकानातून दादाने पांढरी फुले घेतली होती. ती ठेवून तो बराच वेळ सावधान स्थितीत उभा राहिला आणि मग म्हणाला, "पक्षात आलो ते बरंच झालं." आमच्या घरी पितृपंधरवड्यात नाव घेऊन पाणी सोडतात; तिथल्या शिळेवरची नावे त्याने एकेक करून मोठ्याने वाचली. उच्चार चुकले असतील, पण नाव एकही गाळले नाही.

परतताना त्याने मला एक गोष्ट आवर्जून सांगितली. खडकवासल्याच्या एनडीएतून बाहेर पडलेल्यांपैकी पहिले परमवीर चक्र मिळाले ते कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांना, आणि त्यांनी प्राण दिले ते कांगोत, ५ डिसेंबर १९६१ रोजी, एलिझाबेथव्हिल शहरात. त्या वेळी कांगोतल्या संपूर्ण संयुक्त राष्ट्र सेनेचे प्रमुख होते आयर्लंडचे लेफ्टनंट जनरल शॉन मॅकओएन. कोट्यवधींच्या देशाचा गुरखा रायफल्समधला अधिकारी आणि मूठभर लोकांच्या देशाचा सेनापती एकाच निळ्या झेंड्याखाली होते, हे पाठ्यपुस्तकाच्या त्या दीड पानात यायला हवे होते.

शनिवार, १३ सप्टेंबर : अॅथलोन

ही तारीख दादाने मुद्दाम निवडली होती. ह्यूस्टन स्थानकातून पश्चिमेकडे जाणाऱ्या गाडीने शॅनन नदीकाठच्या अॅथलोन गावी गेलो. नदीच्या पश्चिम तीरावर कस्ट्युम बराक्स आहे. ती चालती छावणी असल्याने आम्ही फाटकाबाहेरच थांबलो.

१९६१ च्या १३ सप्टेंबरला सकाळी, ३५ व्या बटालियनच्या 'ए' कंपनीचे बरेच जवान प्रार्थनेला बसले असताना कटांगाच्या फौजेने कांगोतल्या जादोव्हिल येथे त्यांच्यावर हल्ला चढवला. दीडशेच्या थोडे वर असलेल्या या कंपनीत पश्चिम आयर्लंडमधली पोरे बहुसंख्य होती. कमांडंट पॅट क्विनलन यांनी तिथे पोचताच त्यांना खंदक खणायला लावले होते, आणि त्यामुळेच ती वाचली. कित्येक पट मोठे, भाडोत्री युरोपीय अधिकाऱ्यांनी हाताळलेले सैन्य आणि वरून मारा करणारे एक जेट विमान यांना त्यांनी पाच दिवस थोपवून धरले. सुटकेसाठी निघालेल्या तुकड्या, ज्यांत भारताचे गुरखा जवानही होते, लुफिरा नदीच्या पुलापाशीच अडवल्या गेल्या. पाणी आणि दारूगोळा संपल्यावर क्विनलन यांनी शरणागती पत्करली. पाच जण जखमी झाले होते. मेला एकही नव्हता.

महिनाभराच्या कैदेनंतर सुटून मायदेशी आलेल्या या माणसांच्या वाट्याला काय आले, ते वाचताना जीव तुटतो. शरण गेलेली कंपनी म्हणून त्यांच्याबद्दल कुजबुज झाली, क्विनलन यांनी शिफारस केलेली शौर्यपदके दिली गेली नाहीत आणि अनेकांनी घरातही त्या पाच दिवसांचा विषय काढला नाही. दोन हजारच्या दशकातल्या फेरतपासणीत त्यांच्यावरचा ठपका पुसला गेला. २०१६ मध्ये कंपनीला सन्मानपत्र आणि २०१७ मध्ये प्रत्येकाला खास पदक मिळाले. क्विनलन १९९७ मध्येच वारले होते.

मला यात त्या काळच्या आयर्लंडची एक मोठी चूक दिसते. शांततेसाठी सैन्य पाठवणाऱ्या देशाने लढाईचा निकाल जिंकणे-हरणे या मापाने मोजायचा नसतो. दीडशे मुले जिवंत परत आणणारा अधिकारी हाच त्या धोरणाचा खरा विजय होता. दादाने नदीकडे पाहत एवढेच म्हटले, "पोरं परत आणली ना त्याने. संपलं."

रविवार, १४ सप्टेंबर : डब्लिन

दिवसभर पाऊस पडला. लेकीने भाजणीची थालीपिठे लावली आणि मी संरक्षण दलांविषयीच्या आयोगाचा फेब्रुवारी २०२२ चा अहवाल उघडला. त्यात पुढच्या वाटचालीच्या तीन पातळ्या मांडल्या आहेत आणि सरकारने मधली निवडली : २०२८ पर्यंत वार्षिक तरतूद दीड अब्ज युरोवर, मनुष्यबळ साडेअकरा हजारांवर. प्रत्यक्षात सेवेत साडेसात हजारांच्या आसपासच माणसे आहेत, कारण भरती होते तितकेच लोक सोडूनही जातात. देशांतर्गत उत्पादनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी खर्च संरक्षणावर होतो. लढाऊ जेट विमान एकही नाही आणि लष्करी रडार घेण्याची प्रक्रिया आता कुठे सुरू झाली आहे.

सोमवार, १५ सप्टेंबर : कोव्ह

पहाटेच्या गाडीने कॉर्क आणि तिथून छोट्या गाडीने कोव्ह बंदर गाठले. टायटॅनिकने शेवटचे प्रवासी इथून घेतले म्हणून पर्यटक येतात. आम्ही धक्क्यावर जाऊन समोरचे हॉलबोलिन बेट पाहत बसलो, कारण तिथे आयरिश नौदलाचा एकमेव तळ आहे. हे बंदर स्वातंत्र्यानंतरही ब्रिटिशांच्याच ताब्यात होते. १९३८ मध्ये आयमन डी व्हॅलेरा यांनी ते आणि आणखी दोन बंदरे वाटाघाटींतून परत मिळवली. ती मिळाली नसती, तर पुढच्याच वर्षी सुरू झालेल्या महायुद्धात आयर्लंडला तटस्थ राहणे अशक्यच होते.

तळावर करड्या रंगाची गस्ती जहाजे नांगरलेली दिसत होती. या नौदलाच्या नव्या जहाजांना साहित्यिकांची नावे आहेत : सॅम्युअल बेकेट, जेम्स जॉइस, यीट्स, बर्नार्ड शॉ. २०१५ पासून भूमध्य समुद्रात अशाच जहाजांनी बुडत्या होड्यांमधून अठरा हजारांहून अधिक निर्वासितांना वाचवले. आणि तरीही २०१९ मध्ये केवळ खलाशी पुरेसे नाहीत म्हणून दोन जहाजे बाजूला काढून ठेवावी लागली. दूरच्या समुद्रात परक्यांचे जीव वाचवणाऱ्या दलाला घरच्या समुद्रावर गस्त घालायला माणसे पुरत नाहीत, ही विसंगती मला अस्वस्थ करत राहिली.

त्या घरच्या समुद्राची एक हकिकत इथे सांगायलाच हवी. जानेवारी २०२२ मध्ये रशियाने जाहीर केले, की आयर्लंडच्या नैऋत्येस, त्याच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात, आपले नौदल तोफा आणि क्षेपणास्त्रांचा सराव करणार. आंतरराष्ट्रीय कायद्याने तो बेकायदा नव्हता आणि रोखण्याचे बळ सरकारपाशी नव्हते. तेव्हा कॅसलटाउनबेअर बंदरातले मच्छीमार पुढे आले. ही आमची मासेमारीची जागा आहे, आम्ही आमच्या बोटी घेऊन तिथेच जाणार, असे त्यांनी जाहीर केले आणि रशियाच्या राजदूतांची भेटही घेतली. अखेर रशियाने सराव त्या क्षेत्राबाहेर हलवला. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात माझे विद्यार्थी आहेत; आपल्या पाण्यात कोणी भराव टाकला किंवा जाळ्यांच्या जागेवर खांब रोवले, तर त्यांचे वडील-काका कसे उभे राहतात ते मी पाहिले आहे. म्हणून मला ही गोष्ट तिथल्या तिथे समजली. पण देशाच्या संरक्षण धोरणाने मच्छीमारांच्या धैर्यावर भिस्त ठेवू नये. तटस्थ राहायचे तर आपल्या समुद्रात आणि आकाशात काय चालले आहे हे तरी स्वतःच्या डोळ्यांनी दिसायला हवे; मी आयरिश नागरिक असते, तर कुलूप राखण्यासाठी जितका आग्रह धरला असता, तितकाच रडार आणि खलाशांच्या पगारासाठी धरला असता.

बुधवार, १७ सप्टेंबर : ब्रे

मधला दिवस खरेदीत गेला. आज किनाऱ्याने जाणाऱ्या गाडीने ब्रे गावी आलो आणि टेकडीकडच्या वाटेला लागलो. महायुद्धाच्या काळात देशाच्या किनाऱ्यावरच्या टेहळणी चौक्यांजवळ पांढरे दगड रचून 'एरे', म्हणजे आयर्लंड, अशी प्रचंड अक्षरे मांडली होती; वरून जाणाऱ्या वैमानिकांना कळावे, की खाली तटस्थ भूमी आहे. प्रत्येक चौकीचा क्रमांकही पुढे घातला गेला. ब्रेच्या टेकडीवरची आठ क्रमांकाची अक्षरे झुडपांखाली गाडली गेली होती. २०१८ मध्ये वणवा लागला आणि ती पुन्हा उघडी पडली.

ही तटस्थता अलिप्तपणाची नव्हती. मेयो परगण्यातल्या ब्लॅकसॉड येथून जून १९४४ मध्ये पाठवलेल्या हवामानाच्या नोंदींमुळेच दोस्त राष्ट्रांचा नॉर्मंडीवरचा हल्ला एक दिवस पुढे ढकलला गेला. मॉरीन फ्लॅव्हिन या तरुणीने त्या घेतल्या होत्या.

वाटेवरच्या बाकावर दादाने लेबनॉनचा विषय स्वतःहून काढला. गेल्याच महिन्यात सुरक्षा परिषदेने युनिफिलला शेवटची मुदतवाढ दिली : ३१ डिसेंबर २०२६ ला काम थांबायचे आणि त्यानंतर वर्षभरात सर्वांनी परतायचे. १९७८ पासूनची आयरिशबॅट आणि १९९८ पासूनची इंडबॅट, दोन्ही उठणार. "आमचे पशुवैद्य गावोगाव शेळ्या-गाई बघायचे, यांचे जवान तिबनीनच्या अनाथाश्रमाला मदत करायचे. चौकीवरचा माणूस बंदूक चालवत नाही म्हणून तो काहीच करत नाही, असं लोकांना वाटतं," तो म्हणाला. "तो तिथे दिसतो, हेच काम असतं."

शुक्रवार, १९ सप्टेंबर, आदली रात्र विमानात काढून : ठाणे

सकाळी घरी पोचलो. रविवारी, सर्वपित्रीच्या दिवशी, ठाण्यातल्या एका वाचनालयात स्पर्धा परीक्षेच्या मुलांचा माझा नेहमीचा वर्ग होता. मी फळ्यावर तीन कुलपे काढली, दोन्ही बाजू मांडल्या आणि मत मागितले. अकरा जणांनी कुलूप तसेच ठेवावे म्हटले, नऊ जणांनी बदलावे. चेंदणीच्या मुलाने कॅसलटाउनबेअरची गोष्ट दोनदा सांगायला लावली.

मग मागच्या बाकावर बसलेल्या दादाला एका मुलीने विचारले, "काका, ३१ डिसेंबर २०२६ नंतर तुमच्या त्या चौकीवर कोण असेल?"

"लेबनॉनची सेना असायला हवी," दादा म्हणाला.

"तिच्याकडे तेवढी माणसं आहेत?"

दादा उठला, माझ्या हातातला खडू घेतला आणि माझी तीन कुलपे पुसून तिथे आधी लेबनॉनची लितानी नदी काढू लागला.